नखाची बायोप्सी आणि बाहेरची बिलिंग कंपनी: १४ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

अमेरिकेत एका छोट्या स्किन क्लिनिकमध्ये मी बिलिंग बघते, दोन डॉक्टर, एक नर्स, फ्रंट डेस्कला एक जण आणि मी, एवढाच आमचा पसारा. पेशंट वाढले, एकटीला झेपेना, म्हणून डॉक्टरांनी कोडिंग (केलेल्या कामाला आणि निदानाला इन्शुरन्ससाठी ठरलेले कोड लावणं) आणि बिलिंग बाहेरच्या कंपनीला दिलं, जे काही वसूल होईल त्याच्या ६ टक्क्यांवर, आणि मी राहिले त्यांच्या कामावर लक्ष ठेवायला. याला आता १४ महिने झाले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली ज्या चुका सांगणारे त्या कुठल्याही बिलिंग कंपनीकडून होऊ शकतात आणि ज्यांना अशी सर्व्हिस घ्यायचीय त्यांना नावापेक्षा काय तपासायचं हे कळलेलं जास्त उपयोगी. पाचपैकी तीन स्टार देतेय. तीन मिळाले ते का आणि दोन गेले ते का, हे सांगायला नखाची बायोप्सी ही एकच छोटी प्रोसिजर पुरे आहे.

आधी चांगलं सांगते. क्लेम दोन दिवसांत जातात, पेमेंट पोस्टिंग, म्हणजे आलेले पैसे खात्यात नोंदवणं, स्वच्छ असतं, फोन केला की माणूस बोलतो, रेकॉर्डिंग नाही, आणि महिन्याचा रिपोर्ट वेळेवर येतो. मुरूम, चामखीळ, तीळ काढणं, नेहमीच्या व्हिजिट, या सगळ्यात त्यांचं काम पक्कं आहे, मी काढलेल्या शंभरातल्या नव्वदपेक्षा जास्त फाइल्समध्ये मला बोट ठेवायला जागा मिळाली नाही. घोळ होतो तो जिथे डॉक्टरांची नोट नीट शेवटपर्यंत वाचावी लागते तिथे, आणि नखाची बायोप्सी म्हणजे नेमकी तीच जागा.

सीपीटीमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या प्रोसिजर कोडच्या यादीत, नखाच्या बायोप्सीला एकच कोड आहे, ११७५५. वरचं कडक नख असो, त्याखालची मऊ गादी असो, मुळातलं नख तयार करणारं मॅट्रिक्स असो, नखाच्या टोकाखालची कातडी असो नाहीतर बाजूची आणि मागची घडी, तुकडा यातल्या कुठूनही घेतला तरी कोड हाच. एकच कोड आहे म्हणजे चुकायचं कारण नाही असं वाटतं ना, मलाही वाटलं होतं. पहिल्याच महिन्यात एक क्लेम बघितला तर त्यावर ११७५५ नाहीच, १११०४ लागलेला. १११०४ हा कातडीच्या पंच बायोप्सीचा कोड, पंच म्हणजे गोल तुकडा कापून काढायचं छोटं हत्यार. झालं असं की डॉक्टरांनी नोटमध्ये लिहिलं होतं, नखाच्या मुळातून ३ मिमी पंचने तुकडा घेतला, आणि कोडरने पंच हा शब्द वाचला आणि तिथेच थांबला. २०१९ साली कातडीच्या बायोप्सीचे जुने ११००० च्या घरातले दोन कोड, १११०० आणि १११०१, काढून टाकले आणि पद्धतीप्रमाणे नवे कोड आणले, खरवडून घेतली तर १११०२, पंचने घेतली तर १११०४, चिरून घेतली तर १११०६, तेव्हापासून सगळ्या कोडर मंडळींना हत्यार बघायची सवय लागलीय. पण नखाला हे लागू नाही, नखात पंच वापरला काय आणि ब्लेड वापरलं काय, जागा नखाची आहे म्हणून ११७५५ च. हे मी त्यांना लिहून पाठवलं, त्यांनी लगेच मान्य करून सुधारलं, आणि परत ती चूक झाली नाही हेही सांगायला हवं.

दुसरी चूक उलट्या बाजूची आणि माझ्या मते जास्त धोक्याची. बुरशीची शंका असली की डॉक्टर जाड पिवळ्या नखाचं पुढचं टोक कापतात आणि लॅबला पाठवतात, लॅब त्यावर पीएएस स्टेन करते, म्हणजे बुरशी दिसावी म्हणून रंग देते, पंधरा मिनिटांची व्हिजिट. ही बायोप्सी नव्हे. भूल नाही, रक्त नाही, टाका नाही, नुसतं नख कापलंय. पण आमचेच डॉक्टर घाईत नोटमध्ये "नख बायोप्सीला पाठवलं" असं लिहितात (हा दोष आमचा, कबूल) आणि कंपनीने त्या एका वाक्यावर ११७५५ लावून टाकला. एकदा नाही, मी मागे जाऊन शोधलं तर असे ७ क्लेम निघाले, आणि सातही पास झालेले, पैसे आलेले. कुणी म्हणेल मग बरंच झालं की. नाही हो, अजिबात बरं नाही झालं. मेडिकेअरकडून, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी इन्शुरन्सकडून, जास्तीचे पैसे आले हे लक्षात आलं की ६० दिवसांच्या आत कळवून परत करायचे असतात, आणि क्लेमवर सही कंपनीची नसते, डॉक्टरांची असते, उद्या ऑडिट आलं तर फाइल आमच्याकडे मागणार. मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी एका मिनिटात हो म्हटलं आणि आम्ही सातही क्लेमचे पैसे परत केले. कंपनीला यात काही गंभीर वाटलं नाही, अकाउंट मॅनेजर म्हणाला, "मॅडम, पेड क्लेमला कशाला हात लावताय." त्या वाक्याला माझ्याकडून अर्धा स्टार गेला.

आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळे मी हा रिव्ह्यू लिहायला बसले.

७१ वर्षांचे एक आजोबा, उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नखात मुळापासून टोकापर्यंत उभी काळी पट्टी. वयस्कर माणसाच्या एकाच बोटात अशी पट्टी नवीन दिसली आणि रुंद व्हायला लागली की डॉक्टर थांबत नाहीत, कारण क्वचित ती नखातला मेलानोमा, म्हणजे एक घातक कॅन्सर, असू शकते. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी बोटाच्या मुळाशी इंजेक्शन देऊन अंगठा बधिर केला, मागची कातडीची घडी उलटवली, नखाचा थोडासा भाग उचलला, कारण पट्टीचा रंग मॅट्रिक्समध्ये तयार होतो, वरचं नख नुसतं तो रंग पुढे वाहून नेतं, आणि मग मॅट्रिक्समधून ३ मिमीचा तुकडा काढला, नख परत जागेवर ठेवलं, दोन टाके घातले. नोट सुंदर लिहिलेली होती, कुठलं बोट, कुठून तुकडा, किती मिमी, टाके किती, सगळं. निदानाच्या जागी लिहिलं होतं, मेलानोमा नाही ना ते बघणे.

या एका प्रोसिजरचा क्लेम असा जायला हवा होता: ११७५५, पुढे एफ५ मॉडिफायर (कोडला जोडायची दोन अक्षरी खूण) म्हणजे उजव्या हाताचा अंगठा, एक युनिट, बस. कंपनीने तीन लाइन पाठवल्या. ११७५५, त्याखाली ११७३०, म्हणजे नख उचकटून काढणं, ५९ मॉडिफायर लावून, आणि त्याखाली ६४४५०, म्हणजे नर्व्ह ब्लॉक, बोट बधिर करायचं इंजेक्शन. आता त्याच नखाची बायोप्सी करायला नख उचललं, तर ते उचलणं बायोप्सीच्या आतच धरलेलं असतं, दरवाजा न उघडता घरात कसं जाणार. ५९ म्हणजे वेगळी जागा किंवा वेगळं काम, इथे बोटही तेच, नखही तेच, कामही तेच, मग ५९ कशाच्या जोरावर? आणि ज्या डॉक्टरने प्रोसिजर केली त्याच डॉक्टरने बोट बधिर केलं तर मेडिकेअर त्याचे वेगळे पैसे देत नाही, हा नियम तर पहिल्या आठवड्यात शिकवतात. दोन्ही लाइन सीओ-९७ या नकाराच्या कोडने परत आल्या, म्हणजे या कामाचे पैसे दुसऱ्या कामात धरलेले आहेत. इथपर्यंतही ठीक होतं, डिनायल येतात, सगळ्यांना येतात.

पण पुढचं ठीक नव्हतं. पोस्टिंग करताना ११७३० ची नाकारलेली रक्कम कुणीतरी पेशंटच्या खात्यावर टाकली आणि आजोबांना घरी स्टेटमेंट गेलं. सीओ आणि पीआर, ही दोन अक्षरं बिलिंगमध्ये काम करणाऱ्याने झोपेतही ओळखायला हवीत. पीआर म्हणजे पेशंटने भरायचं, डिडक्टिबल (इन्शुरन्स द्यायला लागण्याआधी स्वतः भरायची वर्षाची रक्कम), को-इन्शुरन्स (नंतरचा टक्केवारीतला वाटा) वगैरे. सीओ म्हणजे क्लिनिकने सोडून द्यायचं, त्यातला एक डॉलरही पेशंटकडे मागता येत नाही. आजोबांचं देणं होतं फक्त ११७५५ च्या मंजूर रकमेचे २० टक्के, कारण मेडिकेअरचा डॉक्टरांच्या बिलांचा भाग, पार्ट बी, ८० टक्के देतो आणि त्या वर्षीचं डिडक्टिबल, २०२५ चं २५७ डॉलर, त्यांचं आधीच भरून झालं होतं.

आजोबांच्या मुलीने फोन केला, हे कसले जास्तीचे पैसे, मला आयटमाइज्ड बिल पाठवा. तो तिचा हक्क आहे, फ्रंट डेस्कने काढून पाठवलं. आणि त्या कागदावर निदानाचा कोड होता सी४३.६१. उजव्या हाताचा मॅलिग्नंट मेलानोमा.

तिने तो कोड शोधला आणि परत फोन केला. मी तो फोन घेतला. ती ओरडली नाही, अगदी हळू आवाजात विचारलं, "बाबांचा रिपोर्ट आलाय का? आम्हाला सांगितलं का नाही?" रिपोर्ट आधीच आलेला होता, साधा तीळ होता नखाच्या मुळात, नर्सने आजोबांना सांगितलंही होतं, पण आजोबांनी घरी "काही नाही" एवढंच सांगितलेलं आणि मुलीला वाटलं बाबा लपवतायत. मी तिला फोनवरच रिपोर्टची ओळ वाचून दाखवली, मग डॉक्टरांना ओपीडीतून बाहेर बोलावून त्यांच्याशी बोलायला दिलं. दहा मिनिटं लागली तिला पटायला. मी त्या दिवशी दुपारचा डबा तसाच घरी नेला.

आउटपेशंटचा (ॲडमिट नसलेल्या पेशंटचा) नियम स्पष्ट आहे, शंका आहे, शक्यता आहे, नाही ना ते बघायचंय, असं लिहिलं असेल तर तो आजार कोड करायचाच नाही, जे डोळ्याला दिसतंय ते कोड करायचं. इथे दिसत होती काळी पट्टी, म्हणजे नखाचा रंग बदलणं, एल६०.८. किंवा दोन-चार दिवस थांबून रिपोर्ट आल्यावर पक्कं निदान टाकायचं, डी२२.६१, उजव्या हाताचा तीळ. प्रोसिजरचा कोड रिपोर्टमुळे बदलत नाही पण निदानाचा बदलतो, आणि मेडिकेअरला क्लेम पाठवायला वर्षभर मुदत असते, चार दिवसांत कुणाचं काही अडत नाही. अजून एक गल्लत याच ठिकाणी होते, रिपोर्ट यायच्या आधी डी४८.५, म्हणजे कातडीवरच्या अनसर्टन बिहेवियरच्या गाठीचा कोड, लावणं. "अनसर्टन बिहेवियर" म्हणजे आपल्याला माहीत नाही असं नव्हे, पॅथॉलॉजिस्टने स्लाइड बघून ठरवता येत नाही असं लिहिलं तरच तो कोड. रिपोर्ट नसताना गाठ किंवा वाढ असेल तर डी४९.२. हा फरक कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या पानावर असायला हवा.

चूक सुधारतानाही त्यांनी घोळ घातला. दुरुस्त क्लेम नव्याने पाठवून दिला, तो अर्थातच डुप्लिकेट म्हणून सीओ-१८ ने परत आला. खासगी इन्शुरन्सला चालतं तसं मेडिकेअरला चालत नाही, तिथे रीओपनिंग, म्हणजे तोच क्लेम परत उघडून दुरुस्त करणं, मागावं लागतं. शेवटी ते मी स्वतः केलं आणि त्या आजोबांच्या रेकॉर्डमधून सी४३ काढलं. मला ते काम दुसऱ्या कुणावर सोपवायचंच नव्हतं.

पायाच्या नखांचं थोडक्यात. पायाला टीए ते टी९ मॉडिफायर असतात, टीए डाव्या पायाचा अंगठा, टी५ उजव्या पायाचा, हाताला एफए ते एफ९. यांनी सुरुवातीला नुसतं डावं-उजवं लावून पाठवलं, आरटी-एलटी. एका पेशंटच्या उजव्या पायाच्या अंगठ्याची बायोप्सी आणि त्याच दिवशी बाकीच्या बोटांची जाड नखं घासून कमी केलेली, ११७२१, तिथे बोटांचे मॉडिफायर नसतील तर पैसे देणाऱ्याला कसं कळणार की कामं वेगवेगळ्या नखांवर झालीत. ही केस खरोखर ५९ किंवा एक्सएस (वेगळी जागा सांगणारा मॉडिफायर) लावायची होती आणि नेमकी इथेच लावली नव्हती. आता मात्र बोटाशिवाय क्लेम त्यांच्या सिस्टिममधून बाहेरच पडत नाही, मी सांगितल्यावर त्यांनी तसा चेक बसवला.

आणि आता तीन स्टार का, ते. त्यांच्याकडे एक सीनियर कोडर बाई आहेत, डर्मॅटॉलॉजीचं सर्टिफिकेशन असलेल्या, त्यांच्याकडे फाइल गेली की मला बघावं लागत नाही. बायोप्सीच्याच दिवशीच्या व्हिजिटचे वेगळे पैसे मागायला २५ मॉडिफायर लावायचा की नाही यावर माझा आणि आमच्या धाकट्या डॉक्टरांचा वाद होता. डॉक्टरांचं म्हणणं पेशंट नवीन होता म्हणजे व्हिजिटचे वेगळे पैसे मिळायलाच हवेत. या बाईंनी शांतपणे समजावलं, ११७५५ चा ग्लोबल पिरियड, म्हणजे नंतरची देखभाल त्याच पैशात धरलेले दिवस, शून्य दिवसांचा आहे, ही मायनर प्रोसिजर, ती करायची की नाही हे ठरवणं तिच्यातच धरलेलं असतं, पेशंट नवीन असला तरी. त्याच दिवशी सोरायसिस बघितला, औषध बदललं, असं वेगळं ठळक काम नोटमध्ये असेल तरच २५. नाहीतर व्हिजिट बिल करू नका. कंपनीचं उत्पन्न टक्केवारीवर असताना कमी बिल करा असं सांगणारी बाई मला फार मोलाची वाटते.

त्यांनीच एक गोष्ट शिकवली जी मला खरंच माहीत नव्हती. ग्लोबल शून्य दिवसांचा असल्यामुळे टाके काढायला पेशंट परत आला की ती व्हिजिट बिल करता येते आणि तिच्याबरोबर १५८५३ हा टाके काढण्याचा ॲड-ऑन कोड लावता येतो, २०२३ पासून आलाय. आम्ही दोन वर्षं ते सोडून देत होतो. नख आणि मॅट्रिक्स कायमचं काढायच्या ११७५० ला मात्र हे चालणार नाही, त्याचा ग्लोबल १० दिवसांचा, त्या दिवसांतले टाके त्यातच.

पेशंटच्या सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या लॅबच्या बिलावर आणि त्यात कंपनीचा काही दोष नाही. तुकडा आम्ही काढतो, वाचतो पॅथॉलॉजिस्ट, त्याचं बिल वेगळ्या ठिकाणाहून येतं, ८८३०५, बुरशीचा स्टेन केला तर ८८३१२, मेलानोमाच्या शंकेत इम्युनोचे (विशिष्ट पेशी ओळखायचे) स्टेन केले तर ८८३४२, पुढच्या प्रत्येक स्टेनला ८८३४१. पेशंटला वाटतं एकाच नखाचे दोनदा पैसे घेतले. यावर उपाय म्हणून आता संमतीच्या फॉर्मबरोबर एक साधा कागद देतो, तुम्हाला दोन बिलं येतील, एक आमचं, एक लॅबचं, आणि ज्यांच्याकडे इन्शुरन्स नाही त्यांना आधीच अंदाजाचा कागद, तो तर २०२२ पासून कायद्यानेच द्यावा लागतो आणि बिल त्याच्यापेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त वर गेलं तर पेशंट दाद मागू शकतो. कागद द्यायला लागल्यापासून ते फोन बरेच कमी झालेत.

तर कुणी अशी सर्व्हिस घ्यायच्या विचारात असेल तर डेमोमध्ये त्यांच्या डॅशबोर्डकडे बघत बसू नका. नावं काढून टाकलेली एक नखाच्या बायोप्सीची नोट द्या आणि कोड करून मागा. त्यात पंच हा शब्द असू द्या, नख उचललेलं असू द्या, भूल असू द्या आणि निदानात शंका लिहिलेली असू द्या. आणि त्यांनी कोड देण्याआधी तुम्हाला एखादा प्रश्न विचारला का ते बघा, मला तर न विचारता झटपट उत्तर देणाऱ्यांचीच जास्त भीती वाटते.

आम्ही कॉन्ट्रॅक्ट सोडलेलं नाही. सहा महिन्यांसाठी वाढवलंय, दोन अटींवर: नखाच्या बायोप्सीचा एकही क्लेम रिपोर्ट आल्याशिवाय पाठवायचा नाही, आणि सीओ असलेली कुठलीही रक्कम पेशंटच्या खात्यावर टाकायची नाही, सिस्टिमनेच अडवायचं. दोन्ही त्यांनी लेखी मान्य केल्या. डॉक्टरांनीही नोटमध्ये "नख कापून तपासणीला पाठवलं" असं लिहायला सुरुवात केलीय. आजोबा गेल्या महिन्यात येऊन गेले, नख पूर्ण वाढलंय, मध्ये एक बारीक रेघ राहिलीय बायोप्सीची. मुलगी बरोबर होती, जाताना काउंटरवर थांबून तिने आधी बिल मागून घेतलं, उभ्या उभ्या प्रत्येक ओळ वाचली, एका कोडचा अर्थ मला विचारला, आणि मग बाबांना घेऊन गेली.